अंथुर्ण्याचा बर्फ आणि कुशाबाईचा बंब

कुशाबाईला नवऱ्याची कीव कधी आली नाही. राग आला होता, पण तो लग्नाच्या पहिल्या एकदोन वर्षांतच येऊन गेला, आणि तो गेल्यावर त्याच्या जागी जे येऊन बसलं ते शेवटपर्यंत हललं नाही. त्याला ती काही नाव देत नसे. बाजारात पाटीतलं किडकं वांगं हातात घेऊन उलटून बघावं आणि काही न बोलता परत पाटीत ठेवावं, तशी ती आबासाहेबांकडे बघायची.

आबासाहेब अंथुर्ण्याचे बागाइतदार. नीरेच्या कालव्याचं पाणी, उसाचा फड, स्वतःचं गुऱ्हाळ आणि निरवांगीला एक फळझाडांचा मळा. हे सगळं त्यांच्या वडिलांनी केलं होतं. आबासाहेबांनी स्वतः केलं ते एवढंच की ते पुण्याला शेतकीचं शिक्षण घ्यायला गेले आणि दुसऱ्या वर्षी परत आले. हवा मानवली नाही, असं ते सांगत. येताना त्यांनी एक हॅट, दोन पाटलोणी आणि एक इंग्रजी मासिक आणलं. त्या मासिकाच्या जोरावर पुढं दहा वर्षं ते गावात संशोधक म्हणून वावरले.

पहिला शोध कोंबडीशिवाय अंडी उबवण्याचा होता. त्यात घरातला पितळी हंडा गेला आणि अंडीही गेली. दुसरा, वाऱ्यावर पाणी चढवण्याचा. त्यात दोन पराती कापल्या गेल्या. भांडं आबासाहेबांच्या हाती गेलं की परत येताना ते भांडं राहत नसे, हे कुशाबाईला तेव्हाच कळलं होतं. तिसरा शोध बर्फाचा.

त्या इंग्रजी मासिकात एक चित्र होतं. एक गोरी बाई स्वयंपाकघरात उभी, आणि तिच्यासमोर दोन लोखंडी गोळे, वाकड्या नळीनं एकमेकांना जोडलेले. ना वीज, ना इंजिन. एक गोळा जाळावर ठेवायचा आणि दुसरा पाण्याच्या टाकीत. पहिल्यात अमोनियाचं पाणी. ते तापलं की त्यातला वायू नळीतून दुसऱ्या गोळ्यात जाऊन बसायचा. मग पहिला गोळा जाळावरून काढून थंड पाण्यात बुडवायचा. वायूला परत माघारी यायची ओढ लागायची, आणि येताना तो दुसऱ्या गोळ्याची सगळी ऊब घेऊन यायचा. इतकी, की दुसऱ्यावर बर्फ धरायचा. जाळातून बर्फ. आबासाहेब हे सांगताना डोळे बारीक करत आणि हाताची बोटं हळूहळू मिटत, जणू वायू त्यांच्या मुठीतच येऊन बसला आहे.

"गुऱ्हाळाचं चुलवण रात्रंदिवस पेटलेलं असतं," ते म्हणत, "त्याचा अर्धा जाळ फुकट जातो. त्या फुकट जाळावर सबंध तालुक्याला बर्फ पुरवता येईल. नीरेकाठचा पेरू मुंबईला ताजा जाईल."

हे ऐकायला त्यांचा चुलतभाऊ दत्तोबा कायम हजर असायचा. दत्तोबाला कामधंदा नव्हता. आबासाहेबांचं म्हणणं पटणं हेच त्याचं काम. ते काम तो सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत करी.

"वैनी," तो एकदा कुशाबाईला म्हणाला, "तिकडं इलायतेत ह्या कामाला शेकड्यांनी मानसं लागत्यात. आपल्या आबासाहेबांनी एकल्यानं हातात घेतलंय."

"दत्तोबा, च्या झाला?"

"झाला की."

"मग उठा. मला सारवायचंय."

सारजाला याच दिवसांत आणलं. मूल नाही म्हणून दुसरी केली, असं गाव सांगायचं. मूल नव्हतं हे खरंच होतं. पण कुशाबाईच्या मते खरं कारण वेगळं होतं. पहिल्या बायकोनं ऐकणं सोडून दिलं होतं, आणि संशोधकाला ऐकणारं माणूस लागतं. सारजा तिच्याहून पुष्कळ लहान, भवानीनगरच्या बाजूची, गरीब घरची. ती दारात बसून दोन्ही हात मांडीवर ठेवून सगळं ऐकायची आणि मधूनमधून "अगं बया" म्हणायची. कुशाबाईला तिचाही तिटकारा होता, पण तो वरवरचा, माशी हाकलण्याइतका.

घराची वाटणी आपोआप झाली. माजघर, पाहुणे आणि ऐकणं सारजाकडे. चूल, बंब आणि चहा कुशाबाईकडे. गावाच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. जोतीराम लोहार गुऱ्हाळावर बसून म्हणाला, "आबासायबांनी नवीन काय न्हाय केलेलं. घरात हाय तेच लोखंडात केलंय. एक जाळापाशी ठिवायची, मंग दुसरी गार ऱ्हाती." ही गोष्ट आडावर पोचली, आणि शेजारच्या शकुबाईनं हसू दाबत कुशाबाईला ऐकवली.

"जोतीरामाला म्हनावं, खरं हाय," कुशाबाई घागर उचलत म्हणाली. "फकस्त नळी मोडलीया, एवढं सांग."

तिला एकच गोष्ट हवी होती. निरवांगीचा मळा. मोठं काही नव्हतं. एक विहीर, पेरू आणि डाळिंबाची झाडं, लिंबाची रांग, आणि कुडाचं एक खोपट. वर्षातून दोनदा ती गाडी घेऊन पेरू उतरवायला तिथं जायची. एकदा दुपारी विहिरीच्या थारोळ्यापाशी, मोटेचं पाणी पडतं तिथं, बसली असताना तिच्या ध्यानात आलं की सकाळपासून कुणी हाक मारलेली नाही. चहा मागितला नाही, पाणी काढ म्हटलं नाही. पक्षी पेरू टोकरत होते आणि तिनं त्यांनाही हाकललं नाही. त्या दिवसापासून ती मागत होती, मळा माझ्या नावावर करा, मी तिथं राहते. आबासाहेब म्हणत, "लोक काय म्हणतील? पहिलीला हाकलून दिली म्हणतील." लोकांच्या म्हणण्याची काळजी असलेला माणूस दोन पाटलोणी घालून उसाच्या सऱ्यांतून हिंडला नसता, असं कुशाबाईच्या मनात यायचं. पण ती बोलायची नाही. तीन वर्षं तिनं मागितलं, तीन वर्षं ते हसले.

बर्फ एकदा झाला, हे सांगायला हवं. पुण्याच्या जुन्या बाजारातून दोन जाडजूड लोखंडी नळकांडी आणली होती, त्यांना जोतीरामानं नळी जोडून दिली. दोन हंगाम नुसता वास येत राहिला. गुळव्या वैतागला, कारण आबासाहेब बरोबर काहील उतरायच्या वेळी चुलवणाच्या तोंडाशी आपलं नळकांडं खुपसायचे आणि गुळाला जाळ कमी पडायचा. त्या साली गूळ धरला नाही, काळी चिकी झाली. पण तिसऱ्या हंगामात, पौषात, खरंच बर्फ धरला. वाटीएवढा, भाकरीसारखा पातळ, कडेला पिवळट. गाव जमलं. प्रत्येकानं कपचा घेतला, जिभेवर ठेवला, आणि देवळातलं तीर्थ घेतल्यासारखं तोंड केलं. आबासाहेबांनी स्वतः ताटलीत तुकडा घालून कुशाबाईपुढं धरला.

तिनं वास घेतला. "तबेल्याचा वास येतोय," ती म्हणाली आणि ताटली सारजाकडे दिली.

सारजानं तो तुकडा खाल्ला नाही. तळहातावर ठेवून ती बघत राहिली, आणि तो विरघळून मनगटावरून ओघळला तेव्हा खुदकन हसली. या घरात तिला हसताना कुशाबाई पहिल्यांदाच बघत होती. हसली ती बर्फाला. आबासाहेबांना वाटलं, त्यांच्यासाठी हसली.

तर असा तो बर्फ. आणखी कुणी असता तर तिथून शहाणपणानं पुढं गेला असता. वास का येतो ते बघितलं असतं, सांधा कुठं सुटतो ते बघितलं असतं. पण फाल्गुनात बारामतीला शेतकी प्रदर्शन भरणार, त्याचं उद्घाटन गोऱ्या साहेबाच्या हातून होणार, आणि त्यात आबासाहेबांच्या यंत्राला जागा मिळणार असं ठरलं, आणि त्या दिवसापासून घरात बर्फाचं नाव मागं पडून साहेबाचं नाव सुरू झालं.

खोट दत्तोबानं काढली. "आबासाहेब, एक बोलू का? साहेबाच्या हातात लोखंडातला बर्फ द्यायचा?"

आबासाहेब थांबले.

"न्हाय, आपल्या घरात पाहुण्याला लोखंडातलं पानीबी देत न्हाईत. लोखंड शनीचं. गुऱ्हाळावर ठीक हाय, तितं घरचीच मानसं. पर साहेबापुढं त्यो काळा ठोकळा..."

हे त्या घरातल्या कुणालाही पटलं असतं. बागाइतदाराचं घर तांब्यापितळेवरून ओळखलं जायचं. पाहुणा आला की आधी घागरींची उतरंड दिसायची, मग माणसं. आबासाहेबांनी मासिक उघडून चित्र पुन्हा पाहिलं. चित्रात लोखंडच होतं, आणि खाली तसं छापलेलंही होतं.

"तिकडं तांबं महाग," ते विचार करून म्हणाले. "म्हणून बिचारे लोखंड वापरतात."

"व्हय जी," जोतीराम म्हणाला. त्याला हंगामभर गुळाच्या ढेपा मिळायच्या आणि व्हय जी म्हणायला त्याची हरकत नव्हती.

"वैनींचा बंब हाय की," दत्तोबा म्हणाला. "पोटातच जाळाची नळी. देवानंच केल्यावानी."

तो बंब कुशाबाईच्या वडिलांनी बारामतीच्या कासाराकडून मुद्दाम घडवून घेतला होता. लग्नात तो वेगळ्या गाडीत, नवरीच्या पुढं आला होता. तांब्याचा जाड पत्रा, कमळाच्या आकाराची तोटी, आणि झाकणावर मोर. घरातल्या एवढ्या भांड्यांत हे एकच भांडं तिचं होतं, आणि आठवड्यातून एकदा चिंचेनं घासताना ती त्याच्याशी बोलत नसली तरी बाकीच्यांशीही बोलायची नाही. रोज पहाटे त्यात निखारे घालून ती सगळ्या घराचं आंघोळीचं पाणी तापवायची.

आबासाहेब मागच्या अंगणात आले तेव्हा ती निखारेच घालत होती.

"बंब हवाय," ते म्हणाले.

"पानी तापतंयच. बसा."

"आंघोळीला नाही. यंत्राला."

कुशाबाईनं चिमटा खाली ठेवला. नाही म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या तोंडावरची ती घाई तिनं पाहिली. बाजारात गिऱ्हाईकाच्या तोंडावर अशी घाई दिसली की भाजीवाली भाव बदलते.

"बंब माझ्या बाचा हाय," ती म्हणाली. "निरवांगीचा मळा तुमच्या बाचा हाय. बदलून घिऊ."

आबासाहेब हसले. "भांड्याला मळा?"

"ऱ्हाऊ द्या मग."

"प्रदर्शन होऊ दे. मग बघू."

"आदी."

"घरातलंच भांडं आहे, कुशे. मी विचारतोय हेच पुष्कळ झालं."

"मग न्या उचलून," ती म्हणाली आणि बंबात आणखी दोन निखारे टाकले.

पुढचे आठ दिवस बंब विझला नाही. पहाटे पेटवलेला बंब ती दुपारी पेटता ठेवायची, संध्याकाळी पुन्हा भरायची. घरात इतकं गरम पाणी झालं की सारजानं तीनतीनदा डोकं धुतलं, गडीमाणसं अंगणात येऊन आंघोळी करून गेली, आणि गोठ्यातल्या म्हशींनासुद्धा कोमट पाण्यानं घासलं. मंगळवारी कुशाबाई देवळात गेली तेवढ्यात दत्तोबा बंब हलवायला गेला. परत आली तर तो ओसरीवर दोन्ही पंजे कोरफडीच्या गरात बुडवून बसलेला.

"काय झालं, दत्तोबा?"

"काय न्हाय, वैनी. च्या घेताना..."

"तुमी च्या पंजानं घेता व्हय?"

नवव्या दिवशी आबासाहेब इंदापूरला गेले आणि कचेरीत मळा तिच्या नावावर करून आले. मोठ्या मनाच्या माणसासारखा त्यांनी कागद तिच्यापुढं टाकला. तिला वाचता येत नव्हतं. ती गाडी जुंपून निरवांगीच्या चावडीवर गेली आणि तलाठ्याला चार माणसांत तो वाचायला लावला. वाचून झाल्यावर म्हणाली, "परत वाचा." तलाठ्यानं परत वाचला. मग घरी येऊन तिनं बंबातलं पाणी अंगणात ओतलं, निखारे विझवले, आणि बंब पुसून जोतीरामाच्या हवाली केला. शेवटचं पुसताना तिचा हात मोरावर थोडा थांबला. मेलेल्या माणसाला आंघोळ घालताना थांबतो तसा. बंब परत येणार नाही हे ती धरूनच चालली होती.

जोतीरामानं तोटी बुजवली, झाकण डाखून बंद केलं, वर नळी बसवली. दुसऱ्या बाजूला जुनं लोखंडी नळकांडंच होतं, पण त्यावर सारजाच्या चोळीचा जरीचा खण गुंडाळला. आता एकदा जाळ लावून बघायचं, एवढंच राहिलं होतं. ते आबासाहेबांनी करू दिलं नाही.

"पेटवला की काळा पडेल," ते म्हणाले. "मग साहेबापुढं काय नेणार?"

हे सांगताना त्यांचा आवाज एखाद्या पोक्त बाईसारखा झाला होता. बंब पुन्हा चिंचेनं घासला गेला, गोधडीत गुंडाळला गेला आणि बारामतीला गेला.

प्रदर्शनाच्या दिवशी कुशाबाईही गेली. बघायला म्हणून नव्हे. बंब तिचा होता, आणि आपल्या माणसाच्या शेवटाला हजर राहावं इतकं तिला कळत होतं. मैदानात एका बाजूला बैल, एका बाजूला माणसाहून उंच उसाची कांडी, मध्ये लोखंडी नांगर, पलीकडे भाज्यांचा मांडव. त्या सगळ्यात आबासाहेबांचं यंत्र खरंच झळकत होतं. उन्हात तांब्याकडे बघवत नव्हतं. लोक नांगर सोडून तिकडेच आले. एका म्हाताऱ्यानं तर मोराला हात लावून नमस्कार केला.

साहेब आला. आबासाहेबांनी आधी पुणेरी मराठीत आणि मग त्याहून पुणेरी इंग्रजीत भाषण केलं. बंबात अमोनिया आदल्या दिवशीच भरून ठेवला होता. आता पोटातल्या नळीत जळते कोळसे टाकले. दत्तोबा पंख्यानं वारा घालू लागला. साहेब चांगल्या घरचा असावा. तो छडी धरून शांतपणे उभा राहिला आणि समजत असल्यासारखी मान हलवत राहिला.

आधी नुसता वास आला. साहेबाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मागच्या लोकांना वाटलं, कौतुकानंच. मग झाकणाच्या कडेला बारीक शीळ वाजली. आबासाहेब हात वर करून म्हणाले, "वायू निघाला." तेवढं बोलणं मात्र खरं ठरलं. डाख सुटला, पत्रा शेंगेसारखा उकलला, आणि पांढरा ढग मैदानावर पसरला. पुढं काही दिसलं नाही, ऐकू मात्र आलं. बैलांनी खुंटे उपटले. भाज्यांचा मांडव खाली बसला. कुणीतरी देवाचं नाव घेत होतं, कुणीतरी शिव्या देत होतं, आणि त्यातच लांबून एकजण विचारत होता, "बर्फ वाटला का? आमाला न्हाय मिळाला."

कुशाबाई नाकाला पदर लावून वाऱ्याच्या वरच्या बाजूला चालत गेली आणि आपल्या गाडीपाशी बसली. ढग विरल्यावर ती परत आली. साहेब आपल्या मोटारीत बसून डोळे धूत होता. दत्तोबाच्या अर्ध्या मिशा गेल्या होत्या आणि तो उरलेल्या अर्ध्या चाचपत होता. आबासाहेब खाली बसले होते, हॅट मांडीवर, डोळे मिटलेले, गालांवरून धारा. आणि तिचा बंब आडवा पडला होता. पोट फाटलेलं, आत अमोनियानं तांबं खाल्ल्याचे मोरपिशी निळे डाग. मोर शाबूत होता.

मोठी इजा कुणाला झाली नाही. आबासाहेबांचे डोळे मात्र सुजले. चार दिवस ते दुधाच्या पट्ट्या ठेवून माजघरात पडून होते. पाचव्या दिवशी त्यांनी कुशाबाईला बोलावलं. ओसरीवर दत्तोबा आणि जोतीराम बसले होते, सारजा उशापाशी.

"तुझ्या बापानं फसवलं," आबासाहेब पट्टीखालून म्हणाले. "पत्रा खोटा होता. खोट्या भांड्याला मी मळा दिला. तो मी परत घेणार. उद्या इंदापूरला जाऊन दुसरा कागद करतो."

कुशाबाई निघायच्या बेतात होती. गाडीत सामान भरून तयार होतं. दोन लुगडी, जातं, एक पाटा, चार डबे. कागद कचेरीत झालेला, पण कचेरी पुरुषांची, साक्षीदार पुरुष, आणि उठून चालणाऱ्या बायकोच्या बाजूनं गावात कोण उभं राहणार, हे तिला माहीत होतं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. पट्ट्यांतून दूध कानात ओघळत होतं आणि त्यांना ते कळतही नव्हतं. एवढ्या नामुष्कीनंतरही त्या तोंडावर अजून शोध लावण्याची हौस शिल्लक होती. त्या हौसेकडे बघता बघता तिला सुचलं.

"घ्या की परत," ती म्हणाली. "सौदा बदलायचा तर दोन्ही बाजूंनी बदलू. माझा बंब होता तसा करून द्या. थेंब गळता कामा न्हाय. त्या दिवशी मळा तुमचा, आन् मी हितं चुलीपाशी."

"बंब मी महिन्यात करून देतो."

"तुमच्या हातानं. कासाराकडून न्हाय."

"कासाराला काय कळतंय त्यातलं?" आबासाहेब म्हणाले, आणि अर्धे उठून बसले. "जोतीराम, पत्र्याचं माप घेतलंस का?"

"व्हय जी."

"दत्तोबा, तुमी साक्षीला," कुशाबाई म्हणाली, आणि संध्याकाळच्या आत निरवांगीला पोचली.

महिन्यात काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी, गुऱ्हाळ संपल्यावर, भिमा गाडीवान बंब घेऊन निरवांगीला आला. फाटीवर शिशाचं मोठं ठिगळ होतं. कुशाबाईनं अंगणातली कोरडी जागा झाडून घेतली, बंब मधोमध ठेवला, काठोकाठ भरला, आणि झोपायला गेली. सकाळी खाली चिखल होता. "गळतोय," तिनं भिमाला सांगितलं आणि बंब परत गेला. त्याच्या पुढच्या वर्षी शिशावर रिबिटा आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी रिबिटांवर डांबर. दरवर्षी बंब जास्त जड होऊन यायचा, आणि दरवर्षी कुठूनतरी नवीन ठिकाणी पाझरायचा. निरवांगीच्या लोकांना ते इतकं सवयीचं झालं की गुढीपाडव्याच्या सुमारास ते विचारायचे, "कुशाबाई, बंब आला का औंदा?"

अंथुर्ण्याला बर्फाचं नाव कुणी काढेनासं झालं. मासिक वाळवीनं खाल्लं. आबासाहेब आता धातूंचे सांधे या विषयात पडले होते, आणि दत्तोबाला तेही पटत होतं.

तिसऱ्या वर्षापासून बंबाबरोबर सारजा येऊ लागली. गळतो की नाही हे घरच्या माणसानं डोळ्यांनी बघावं, असं तिनंच आबासाहेबांना पटवलं होतं. काखेत तिची लहानगी मुक्ता. पहिल्या खेपेला कुशाबाईनं तिला चहा विचारला नाही, शेंगांची पाटी पुढं ठेवली आणि म्हणाली, "रिकामं बसू नगं." सारजा शेंगा फोडत बसली. आपल्याला आता कुणी काही ऐकवत नाहीये, हे तिच्या लक्षात आलं असावं. कारण ती एका दिवसासाठी आली होती आणि चार दिवस राहिली. पुढच्या वर्षी आठ. हाडं निघाली होती तिची. चूल, चहा, पाहुणे आणि ऐकणं, सगळं आता तिच्या एकटीच्या वाट्याला होतं.

"दाणे मोडतीयास," कुशाबाई म्हणायची. "आयनं कायबी शिकिवलं न्हाय."

"व्हय आक्का," सारजा म्हणायची आणि हळू फोडायची.

आणि मग त्या सालचा बंब आला. या खेपेला ठिगळ नव्हतं. आतून दुसरा पत्रा ठोकून बसवला होता, कड पूर्ण वळवलेली, बाहेरून ओबडधोबड, पण गच्च. कुशाबाईनं बोटानं टिचकी मारून पाहिली. आवाज भरीव आला. तिनं नेहमीसारखी जागा झाडली, बंब काठोकाठ भरला. आपण दिलेला शब्द चार माणसांतला आहे, आणि शब्द फिरवला तर आपण आणि आबासाहेब यांत काय फरक राहिला, हे तिला पुन्हा पुन्हा आठवत होतं. या वयात त्या चुलीपाशी परत बसायचं. इतकी वर्षं ज्या माणसाला तिनं कवडीची किंमत दिली नाही, त्यानं एकदाच एक काम नीट करावं, आणि तेही हे.

सकाळी ती बाहेर आली तेव्हा भिमा बैलांना पाणी दाखवायला विहिरीवर गेला होता. सारजा मुलीला घेऊन उंबऱ्यात बसली होती. कुशाबाई बंबापाशी वाकली. जमीन कोरडी होती. झाडूचे फराटेसुद्धा जसेच्या तसे दिसत होते. तिनं बुडाखाली हात घालून बघितलं. कोरडा.

ती सरळ झाली.

मग सारजानं मुलीला खाली ठेवलं, तांब्या घेतला, बंबातच बुडवून भरला, आणि शांतपणे, देवाला पाणी घालावं तसा, बंबाच्या पायाशी ओतला. दुसरा भरला, तोही ओतला. मातीनं पाणी प्यायलं आणि काळी झाली. रिकामा तांब्या तिनं दारामागं ठेवला आणि पुन्हा येऊन बसली.

भिमा बैल घेऊन आला. त्यानं खाली बघितलं आणि जीभ चावली. "अजून गळतोय व्हय?"

"गळतोय," सारजा म्हणाली. "मालकांना सांगा, बुडाशी गळतोय. मी डोळ्यानं बघितलं."

भिमानं कुशाबाईकडे पाहिलं. कुशाबाईनं बंबाकडे पाहिलं. शब्द अजून तिच्या हातात होता.

"घालव पानी आन् चढीव गाडीत," ती म्हणाली.

गाडी लिंबांच्या रांगेपलीकडे दिसेनाशी होईपर्यंत दोघी तशाच होत्या. मग कुशाबाईनं शेंगांची पाटी आणून मध्ये ठेवली आणि बसली.

"वतलंस तोटीखाली," ती म्हणाली, "आन् सांगतीस बुडाशी. भिमाच्या जागी दुसरा कुनी असता तर?"

सारजा खाली मान घालून हसली. बर्फ हातावरून ओघळला होता तेव्हा हसली होती, तशीच.

"पुढल्या साली बुडाशी वतीन, आक्का."

"पुढल्या सालचं पुढल्या साली. दाणे बघ, परत मोडलेस."